चॉकलेट–पीनट बटर कुकीज खारट का होतात आणि वरचे मीठ का विरघळते : माझा अनुभव

तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीची माझी एक रात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. तुम्ही लिहिले आहे की अमेरिकन पाककृतीतले माप तंतोतंत पाळूनही कुकीज तोंडात धरवत नाहीत इतक्या खारट झाल्या, वर भुरभुरलेले मीठ दुसऱ्या दिवशी दिसेनासे होऊन त्या जागी ओले डाग पडले, आणि आता फ्रीजमध्ये ठेवलेल्या उरलेल्या गोळ्यात साखर वाढवावी का, असे तुम्ही विचारले आहे. साखर वाढवू नका, एवढे आधी सांगते. त्या गोळ्याचे काय करायचे ते शेवटी लिहिले आहे.

बटर आणि साखर किती फेटायची, ओव्हन आधी तापवायचा, हे तुम्हाला ठाऊक असणार म्हणून त्यात शिरत नाही. मी वसईला राहते, घरातूनच ऑर्डरी घेते आणि साध्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये, भाजते. बेकिंगचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही, त्यामुळे पुढचे सारे माझ्या स्वयंपाकघरात पडताळून पाहिलेले आहे, इतकेच समजावे.

शेजारच्या एका साखरपुड्यासाठी माझ्याकडे १९२ कुकीजची ऑर्डर होती, एका डब्यात चार याप्रमाणे ४८ डबे. माझ्या एका घाण्याला १२५ ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको, ११५ ग्रॅम बटर, १३० ग्रॅम पीनट बटर, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, ७० ग्रॅम बारीक साखर, एक अंडे, अर्धा चमचा सोडा आणि १२० ग्रॅम डार्क चॉकलेट लागते, आणि त्यात तीस-तीस ग्रॅमच्या २४ कुकीज होतात. म्हणजे आठ घाणे. पाककृतीत ‘एक चमचा मीठ’ असे लिहिले होते. एरवी मी अंदाजाने चिमूटभरच घालत असे. त्या दिवशी ऑर्डर मोठी म्हणून अंदाज नको, माप पाळू असे ठरवले आणि रोजच्या जेवणातले बारीक मीठ सपाट चमचा भरून आठ वेळा घातले. बटर घरात होते तेच, खारवलेले. एकही कुकी आधी भाजून न बघता आठही घाण्यांचे गोळे वळले. रात्री साडेअकराला पहिला ट्रे निवल्यावर मुलीने तुकडा मोडून तोंडात टाकला आणि काही न बोलता पाणी प्यायला गेली. तेव्हा मला कळले. जवळजवळ एक किलो चॉकलेट आणि एक किलोहून जास्त पीनट बटर त्या गोळ्यांत गेलेले होते, आणि डबे दुसऱ्या दिवशी दुपारी द्यायचे होते.

नेमके काय चुकले ते मला नंतर वजनकाटा समोर ठेवून हिशेब केल्यावर उमगले. आपल्या बारीक मिठाचा ५ मिलिलिटरचा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. अमेरिकेतल्या पाककृतींत पुष्कळदा कोशर मीठ गृहीत धरलेले असते. त्याचे कण मोठे आणि पोकळ रचले जात असल्याने त्याच चमच्यात एका कंपनीचे सुमारे ३ ग्रॅम मावते, तर दुसऱ्या कंपनीचे ५ ग्रॅमच्या जवळ जाते. शिवाय त्या पाककृतीत बिनमिठाचे बटर गृहीत होते. आपल्या खारवलेल्या बटरमध्ये साधारण २ टक्के मीठ असते, म्हणजे ११५ ग्रॅम बटरमधून सव्वादोन ग्रॅमच्या वर मीठ आले, आणि १३० ग्रॅम पीनट बटरमधून आणखी सव्वा ग्रॅमच्या आसपास. सगळे धरून एका घाण्यात साडेनऊ ग्रॅम मीठ पडले, जिथे सव्वाचार ग्रॅम पुरले असते. वर भुरभुरलेले मीठ यात धरलेलेच नाही.

इथे मला मनापासून राग येतो तो असा की, जी माणसे मैदा ग्रॅममध्ये आणि चॉकलेट टक्क्यांमध्ये सांगतात, तीच मिठापाशी येऊन नुसते ‘एक चमचा’ लिहून मोकळी होतात. कोणते मीठ, किती ग्रॅम, बटर खारवलेले की नाही, यांतले काहीच सांगायचे नाही, आणि ज्या पदार्थाची गंमतच मिठावर बेतलेली आहे त्यात वाचणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचे, हे मला अजिबात पटत नाही. माझे स्पष्ट मत आहे की या कुकीजसाठी मीठ वजन करूनच घ्यावे. साध्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन-तीन ग्रॅम नीट दिसत नाहीत. तेव्हा आठ घाण्यांचे मीठ एकदम मोजून त्याचे भाग करावेत, किंवा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्यावा. आणखी एक सवय लावून घ्या. बटर आणि पीनट बटरच्या वेष्टनावर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते, त्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ १ ग्रॅम झाले.

आता वरच्या मिठाबद्दल, कारण तुमच्या तक्रारीचा दुसरा भाग हाच आहे आणि तिथे दोष तुमचा नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते, आणि आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्याचे बहुतेक दिवस तसेच असतात. मिठागरातून येणाऱ्या खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असते. ते याहून कितीतरी कमी ओलाव्यातही पाणी धरते, आणि जिभेवर मागाहून जी कडसर चव येते तीही त्याचीच. म्हणून बरणीतले खडेमीठ जसेच्या तसे कुटून कुकीवर टाकले की ओले डाग पडणार, हे ठरलेले आहे.

यावर मला सापडलेला उपाय असा की मीठ पिठाच्या भागावर टाकूच नये. मीठ विरघळायला पाणी लागते, आणि चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतेच. ट्रे ओव्हनबाहेर काढला की लगेच प्रत्येक कुकीच्या मधोमध डार्क चॉकलेटचा नखाएवढा तुकडा हलकेच दाबून बसवा. मिनिटभरात तो मऊ होऊन चकाकू लागतो. त्या चकाकीवरच मिठाचे चार-पाच कण सोडावेत. चॉकलेट घट्ट झाले की कण त्यातच रुतून राहतात, आणि कुकी पूर्ण निवल्यावर लगेच हवाबंद डब्यात भरली तर तिसऱ्या दिवशीही दाताखाली कुरकुरतात. कच्च्या गोळ्यावर आधीच मीठ लावून भाजले, तर ते गोळ्यातल्या ओलाव्यात अर्धेअधिक मुरते आणि कुकी नुसती खारट लागते. आधी गोड, मग मध्येच येणारी मिठाची ठिणगी, ही गंमत त्यात उरत नाही.

मीठ कोणते, यावर मतभेद होतील. इंग्लंडमधल्या एसेक्सचे माल्डन हे पापुद्र्यांचे मीठ यासाठी उत्तमच आहे, पण महाग पडते. सैंधवाचे खडे फार टणक असतात, ते दातांखाली नकोत. पादेलोणाच्या वाटेला जाऊ नका, त्याचा गंधकाचा वास चॉकलेटला मारून टाकतो. मी स्वतः घरीच पापुद्रे करते. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम खडेमीठ विरघळवून ते दाट कापडातून गाळायचे आणि पसरट स्टीलच्या भांड्यात अगदी मंद आचेवर ठेवायचे, उकळी येऊ द्यायची नाही. थोड्या वेळाने पाण्याच्या पृष्ठभागावर चौकोनी, मध्ये खोलगट अशा नाजूक चकत्या तरंगू लागतात. त्या झाऱ्याने अलगद काढून कागदावर वाळवायच्या. तळाशी थोडे पाणी राहिले की थांबायचे, कारण कडवट मॅग्नेशियम त्या शेवटच्या पाण्यातच उरते आणि पाणी पूर्ण आटवले तर ते पुन्हा मिठावर येऊन बसते.

बाकीचे थोडक्यात. पीनट बटर घरी केलेले किंवा तेल सुटणारे असेल, तर तळापर्यंत नीट ढवळून घ्या आणि गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर कुकीज पसरून कडेला तेल दिसते. दाणे किंचित जरी खवट असतील तर टाकून द्या. मीठ तो वास लपवत नाही. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते आणि ती टाळूला चिकटते, म्हणून वरच्या तुकड्यासाठी तरी खरे चॉकलेट घ्या. कोकोमुळे कुकीचा रंग आधीच गडद असतो, तेव्हा रंगावरून भाजल्याचा अंदाज बांधू नका. माझ्या ओटीजीत १७५ अंशांवर साडेदहा मिनिटांत कडा घट्ट होतात, मधला भाग दाबला तर बोट रुतते, आणि तेव्हाच मी ट्रे बाहेर काढते. पुढची दहा मिनिटे कुकीज ट्रेवरच राहू द्याव्या लागतात, कारण गरम असताना त्या उचलल्या की मोडतात. विकणार असाल तर डब्यावर शेंगदाणे असल्याचे ठळक लिहा. रक्तदाबासाठी पथ्य असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे, माझ्या मापाचे नव्हे.

आता तुमचा उरलेला गोळा. साखरेने मीठ कमी होत नाही. मी त्या रात्री एका घाण्यात ६० ग्रॅम साखर वाढवून पाहिली, तर कुकीज खारट राहिल्याच, वर पसरून एकमेकींना चिकटल्या. मग जेवढा गोळा होता तेवढाच दुसरा गोळा बिनमिठाचे बटर घेऊन आणि वरून मीठ अजिबात न घालता केला आणि दोन्ही हाताने एकजीव केले. चार घाण्यांचे गोळे असे वाचले, तेवढ्यात ऑर्डर भागली आणि उरलेल्या चारांतले बरेचसे फेकावे लागले. पीनट बटरही बिनमिठाचे मिळाले तर घ्या. तसे घेतले तर माझ्या मापाने एका घाण्याला मीठ पाच ग्रॅमच्या खाली येईल. हे अजूनही किंचित जास्त आहे, त्यामुळे वर चॉकलेटच्या तुकड्यावर चार-पाचऐवजी दोनच कण ठेवा. एकच कुकी भाजा, वीस मिनिटे निवू द्या आणि मगच चव घ्या, कारण गरम कुकीत मिठाचा नीट अंदाज येत नाही. ती जमली तर बाकीचे गोळे वळा.