लेगो टेक्निकच्या भागांपासून मोटरवर चालणारं, कागदावर नक्षी काढणारं यंत्र बनवलं. रेषा थरथरते आणि नक्षी दरवेळी सारखीच येते. काय बदलू?

दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. थरथर सांध्यांमधल्या ढिलाईमुळे येते, तर तीच ती नक्षी येते गिअरच्या दात्यांच्या हिशोबामुळे. मोटर बदलून यातलं काहीच सुटणार नाही.

तुमची मांडणी नेहमीची असेल असं धरतो: फिरत्या टर्नटेबलवर कागद, बाजूला दोन उभ्या अ‍ॅक्सलवर दोन क्रँक (गोल फिरणारे आखूड दांडे), प्रत्येक क्रँकला १५ भोकांचा एक बीम (भोकं असलेली पट्टी), आणि दोन्ही बीम जिथे जुळतात तिथे पेन. लेगोची एम मोटर ९ व्होल्टवर मोकळी फिरताना मिनिटाला साधारण ४०० फेरे घेते. ८ दात्यांवरून ४०, पुन्हा ८ वरून ४० असे दोन टप्पे दिले की वेग २५ पट उतरतो आणि पहिल्या क्रँकला मिनिटाला १६ फेरे मिळतात. तेवढे पुरेत. फार पळवलं तर शाई तुटायला लागते.

आता नक्षी. पहिल्या क्रँकच्या अ‍ॅक्सलवर २४ दाती आणि दुसऱ्याच्या अ‍ॅक्सलवर ४० दाती गिअर ठेवा. पहिल्याचे ५ फेरे होतात तेव्हा दुसऱ्याचे ३ होतात आणि दोघेही मूळ जागी येतात. तेवढ्यात कागद किती फिरला, यावर पाकळ्या ठरतात. पहिल्या अ‍ॅक्सलवरून १२ दाती बेव्हलच्या (काटकोनात फिरवणाऱ्या गिअरच्या) जोडीने एक आडवा अ‍ॅक्सल फिरवा, त्यावर वर्म (स्क्रूसारखा गिअर) बसवा आणि वर्मने टर्नटेबल चालवा. वर्मच्या एका फेऱ्याला टर्नटेबल एकच दाता सरकतो. ६० दाती टर्नटेबल असेल तर ५ फेऱ्यांत कागद बरोबर बाराव्या हिश्शाइतका फिरतो. म्हणजे १२ पाकळ्या, आणि ६० फेऱ्यांत, चार मिनिटांच्या आत, काम खलास. पुढे पेन तीच रेष गिरवत बसतं. याच जागी जुनं ५६ दाती टर्नटेबल लावून बघा. ५६ ला ५ ने भाग जात नाही, त्यामुळे कागदाला पूर्ण ५ फेरे घ्यावे लागतात, पहिल्या क्रँकला २८०, आणि आकृती ५६ वेळा पडते. साडेसतरा मिनिटं लागतात, पण जाळी बघण्यासारखी होते. ६० दातीच हाताशी असेल तर बेव्हलच्या जोडीत क्रँककडे १२ आणि वर्मकडे २० दाती लावा. २० पाकळ्या मिळतील. मेकॅनो या धातूच्या जोडणीच्या खेळातल्या १९, २५, ५०, ५७ दाती गिअरांनाही हाच हिशोब लागू आहे.

थरथरीचं पहिलं कारण बहुतेक वेळा क्रँकमधलं अंतर असतं. २४ आणि ४० दाती गिअर थेट जोडले तर क्रँक फक्त ४ भोकं लांब राहतात, दोन्ही बीम जवळजवळ समांतर होतात आणि पेनापाशी जेमतेम १६ अंशांचा कोन उरतो. अशा अरुंद कोनात सांध्यातली केसभर ढिलाई पेनाच्या टोकाला कित्येक पट होऊन दिसते. मध्ये ४० दातीचे दोन नुसते गिअर घाला: अंतर ४ + ५ + ५ म्हणजे १४ भोकं होतं, कोन ६० अंशांच्या आसपास येतो, आणि मधल्या गिअरांनी ५:३ चं प्रमाण बदलत नाही.

तरी दात्यांमधला प्ले, म्हणजे मोकळी ढिलाई, राहतोच. दोन बीमच्या मध्ये एक हलकं रबर लावा, म्हणजे पिना एकाच बाजूला दाबून राहतात. दुसऱ्या क्रँकच्या अ‍ॅक्सलवर बुश (दांड्यावर घट्ट बसणारं छोटं कडं) बीमला किंचित घासेल असा सरकवा. त्या अडथळ्यामुळे दाते पुढे-मागे हिसके खात नाहीत. वर्मच्या दोन्ही बाजूंनाही बुश हवेतच, नाहीतर वर्म अ‍ॅक्सलवर पुढे-मागे सरकतो आणि कागद मध्येच उडी मारतो. आणि डब्यातला पांढरा २४ दाती गिअर वापरताना नीट बघा. तो क्लचचा असेल तर जोर आला की आतल्या आत घसरतो आणि पाकळ्या कधीच जुळत नाहीत.

बॉलपेन नको, त्याला दाब लागतो. जेल पेन किंवा फाइनलायनर घ्या, वर-खाली सहज सरकेल इतपत सैल धरा, आणि त्याच्या स्वतःच्या वजनावर टेकू द्या. नेमकं सांध्यातच बसवायचा हट्ट नको. एका बीमला एक भोक पुढे वाढवून तिथे बसवलं तरी चालतं, आकार थोडा तिरपा येतो इतकंच. कागद जाड घ्या, कारण मध्यभागी रेषा एकमेकींवर इतक्या पडतात की पातळ कागदाचे तंतू सुटतात. टर्नटेबलचा मध्य पेनाच्या सरासरी जागेपासून ५-६ भोकं लांब ठेवला तर ही गर्दीच टळते आणि मधे मोकळं असलेलं कडं मिळतं.

मोटर सुरू केल्यावर एक-दोन फेरे होऊ द्या, प्ले एका बाजूला गेला की मगच पेन टेकवा. नाहीतर सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत. थांबवताना आधी पेन उचला आणि मग बटण बंद करा, उलट केलंत तर शेवटच्या जागी शाईचा ठिपका पसरतो.