केजरीतली डाळ कुठे गेली?

प्रिय चिऊ,

काल रात्री तुझा निरोप वाचला. इथे स्कॉटलंडात शाळेत जेवणाला केजरी होती, म्हणजे मासा आणि उकडलेली अंडी घातलेला भात; बाई म्हणाल्या हा पदार्थ मूळचा भारतातला, सगळी मुलं तुझ्याकडे बघायला लागली आणि तुला काय बोलावं सुचेना. "बाबा, ही आपली खिचडी असेल तर डाळ कुठे गेली? आणि आजी मासे खाल्ल्यावर दूध पिऊ देत नाही, मग इथे मासा दुधात का शिजवतात?" फोनवर घाईघाईत सांगायचे हे प्रश्न नाहीत. आज समुद्रावर वारा फार आहे, तेलाच्या रिगवरचं बाहेरचं काम बंद ठेवलंय, म्हणून निवांत लिहितो.

नाव आपलंच. खिचडीची इंग्रजांच्या तोंडी केजरी झाली. पण खिचडी त्यांच्या कितीतरी आधीची. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की आपल्याकडचे लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून, वर तूप घेऊन सकाळी खातात. पुढच्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला. चौल म्हणजे आजीच्या रेवदंड्याला अगदी लागून! त्याने लिहिलंय, या देशात घोड्यांनाही साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी देतात.

आता डाळ. 1886 साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश निघाला, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या शब्दांचा. त्यात केजरीबद्दल म्हटलंय की इंग्लंडात न्याहारीच्या माशाच्या पदार्थाला हे नाव देतात ते बरोबर नाही. मासा खिचडीबरोबर खातात, पण तो खिचडीचा भाग नव्हे. हे वाचलं आणि मला आजीचं स्वयंपाकघर दिसलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताजी मासळी नाही. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेल्या डब्यातून आजी सुके बोंबील काढायची, डोकं-शेपूट मोडून चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायची. घरभर वास. ताटात मऊ, आसट मुगाची खिचडी, तुपाची धार, कडेला भाजलेला बोंबील आणि कच्चा कांदा. बोंबलाचा तुकडा मोडायचा, खिचडीच्या घासाबरोबर खायचा. खिचडीच्या पातेल्यात मासा कधीच गेला नाही. आपल्याकडे तो ताटात असतो, तोही कडेला. इंग्रजांनी कडेचा मासा पातेल्यात घेतला, उकडलेली अंडी घेतली, भात मोकळा केला आणि डाळ तेवढी सोडून दिली. उद्या कुणी विचारलं तर हेच सांग.

मासा मात्र तू राहतेस तिथलाच आहे. अॅबर्डीनच्या दक्षिणेला फिंडन गाव आहे ना, तिथल्या धुरावलेल्या हॅडॉक माशाला अजून त्या गावाचंच नाव आहे. मला हे फार जवळचं वाटतं. मासा टिकवायची गरज दोन्ही किनाऱ्यांना होती. आपल्याकडे कडक ऊन, म्हणून बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळतात. इथे ऊन कुठलं? त्यांनी मीठ लावून धूर दिला.

दुधाचं आजी मनाने सांगत नाही. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार म्हटलाय: दूध थंड, मासा उष्ण, दोन्ही एकत्र घेऊ नयेत. इथले लोक पिढ्यानपिढ्या हॅडॉक दुधात शिजवतात. त्याने माशाचा खारटपणा आणि धुराचा उग्रपणा मऊ होतो. त्यांना त्याचा त्रास झालेला मी पाहिला नाही. म्हणून शाळेत ताटात आलं तर नि:शंक खा, कुणाच्या अन्नाला नाक मुरडायचं नाही. घरी मात्र मी पाणीच वापरतो. आजीने मला वाढवताना जे पाळलं, ते माझ्या स्वयंपाकघरात मोडावंसं मला वाटत नाही.

शनिवारी मी आलो की आपण दोघं करू. पिवळा रंग लावलेला हॅडॉक नको, साधा फिकट आण म्हणावं आईला, चारशे ग्रॅम पुरे. धूर दिलेला असला तरी तो कच्चाच असतो. मंद उकळत्या पाण्यात आठेक मिनिटं ठेवायचा, काटे काढायचे, आणि ते पाणी टाकायचं नाही, त्यातच तांदूळ शिजवायचे. करी पावडर नको. जिरं, हळद, आलं आणि आजीने पाठवलेला गोडा मसाला. मीठ आधी घालू नकोस, मासा खारट असतो, शेवटी चव बघून ठरवू. आणि या वेळी मूगडाळ घालायचीच. एक वाटी तांदळाला अर्धी वाटी डाळ. मासा वेगळा, ताटाच्या कडेला.

हेलिकॉप्टर वेळेवर निघालं तर दुपारी एकपर्यंत घरी पोचतो. अकरा वाजता डाळ धुऊन भिजत घाल.

तुझा,
बाबा