मागून हॉर्न नको, पुढे किल्ले हवेत
वाचकांचे सायकलप्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं नाशिकला गंगापूर रोडला राहतो, मी ६२, मिसेस ५८. रिटायर झाल्यावर सायकली घेतल्या, रविवारी सोमेश्वर, कधी जमलं तर धरणापर्यंत जाऊन येतो. मागच्या वर्षी हिला एका पिकअपने कट मारला, पडली नाही पण तेव्हापासून मागून हॉर्न वाजला की तिचं हँडल हलतं. मुलगी म्युनिकला असते, ती म्हणते इकडे या, नदीच्या काठाने किल्ले बघत जायचा सायकलचा वेगळा रस्ता आहे, गाड्याच नसतात. खरंच असं असतं का? आणि आमच्या वयात झेपेल का? आम्ही शाकाहारी आहोत तेही सांगून ठेवतो.

उत्तर: काका, असतं, खरंच असतं, आणि मुलगी म्हणतेय तो रस्ता म्हणजे डॅन्यूब नदीचा, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, साधारण सव्वातीनशे किलोमीटर. मी आणि माझी मैत्रीण दोघी गेलो होतो, सप्टेंबरमध्ये, आणि काकूंना आवर्जून सांगा की पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी सारखी मागे वळून बघत होते, सवयच ती आपली, मागे कोणीच नव्हतं, नंतर नंतर मान वळायची थांबली आणि तेव्हा कळलं की आपण नाशकात सायकल चालवताना अर्धं लक्ष पाठीमागे ठेवूनच चालवतो.

आता शंभर टक्के गाड्या नाहीत असं मी म्हणणार नाही, मधे गावं लागतात, तिथे गावातला रस्ता घ्यावा लागतो, काही ठिकाणी शेतात जाणारे ट्रॅक्टर असतात. पण बराचसा रस्ता नदीच्या अगदी कडेने, वेगळा, डांबरी आणि सपाट आहे. सपाट का तेही गमतीचं आहे. पूर्वी इंजिनं नव्हती तेव्हा मालाच्या नावा प्रवाहाच्या उलट दिशेला घोडे लावून ओढून न्यायचे, त्या घोड्यांसाठी काठाने जी वाट केली होती तीच पुढे बऱ्याच ठिकाणी सायकलची वाट झाली, आणि घोड्याला भरलेली नाव ओढताना चढ कोण देणार. पासाऊची उंची जवळपास ३०० मीटर आणि व्हिएन्नाची १६० च्या आसपास, म्हणजे एवढ्या अंतरात जेमतेम दीडशे मीटर उतार, तो पायाला कळतसुद्धा नाही. पण जायचं पासाऊकडून व्हिएन्नाकडेच, उलटं नाही, कारण तिकडे वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो, तो पाठीवर घ्यायचा.

झेपण्याचं विचाराल तर रोज ४० ते ६० किलोमीटर पुरतात, आठ दिवस ठेवा. तुम्ही धरणापर्यंत जाऊन येता ना, मग दम हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे बसण्याचा. सलग आठ दिवस सीटवर बसायची सवय शरीराला नसते, तिसऱ्या दिवशी माणूस रडकुंडीला येतो, म्हणून निघायच्या आधी दोन महिने आठवड्यातून तीन दिवस तरी दीड दीड तास बसाच, आणि आपलं सवयीचं सीट काढून बॅगेत घालून न्या, तिथल्या भाड्याच्या सायकलवर लावून देतात. मी नेलं नव्हतं. लिंत्झला दुकानात जाऊन नवीन सीट घ्यावं लागलं.

सायकल इथून नेऊ नका. पासाऊला भाड्याने घ्यायची आणि व्हिएन्नाला परत करायची अशी सोय आहे, आणि बॅगा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर गाडीने पोचवणारेही आहेत, तुमच्या वयाला ती सोय जरूर घ्या, सायकलवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ. आता एक गोष्ट नीट वाचा, काकूंना तर करूनच दाखवा. तिकडच्या बऱ्याच भाड्याच्या सायकलींना मागचा ब्रेक पायात असतो, म्हणजे पॅडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याला थांबताना पॅडल उलटं फिरवून एक पाय वर घ्यायची सवय असते, चालता चालतासुद्धा आपण उगाच मागे फिरवतो. मी दुकानाच्या बाहेर दहा फुटांवर तसंच केलं आणि सायकल जागच्या जागी अशी थांबली की मी हँडलवर आले, नशीब स्पीड नव्हता. त्यामुळे आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं नुसत्या चकरा मारा, किंवा दुकानदाराला दोन्ही ब्रेक हातात असलेली सायकल मागा, मिळते.

म्युनिकहून पासाऊला ट्रेनने जाता येतं. तिथे एक दिवस राहाच. डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या तिथे एकत्र येतात आणि तिन्ही पाण्यांचे रंग वेगवेगळे दिसतात, वरती टेकडीवर १२१९ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे तिथून तर फारच सुंदर दिसतं. आणि खाली टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, कुठल्या साली पाणी कुठवर आलं ते, २०१३ ची खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर तो. मैत्रीण म्हणाली हा यांचा दुतोंड्या मारुती, आणि मला एकदम रामकुंडावर उभं असल्यासारखं वाटलं. पाणी मारुतीच्या छातीला लागलं की गळ्याला, एवढ्यावरून आपण पूर सांगतो, त्यांनी भिंतीवर सालं लिहून ठेवली.

पुढे श्लोगेनला नदी डोंगराला अडून पूर्ण उलटी फिरते, केसातल्या आकड्यासारखी, तिथे काठाला एका बाजूने वाटच नाही म्हणून सायकलसकट होडीत बसून जायचं. लिंत्झ मोठं शहर, तिथे फार अडकू नका. त्याच्या पुढे माउटहाउझेन लागतं, तिथे नाझींची छळछावणी होती, आता स्मारक आहे. आम्ही थांबलो. त्या दिवशी पुढे दोघीही फारसं बोललो नाही. ग्राइनच्या पुढे मात्र दक्षिणेचा काठ पकडा, तो शांत आहे.

आता किल्ले. मेल्क ते क्रेम्स हा जो ३६ किलोमीटरचा पट्टा आहे त्याला वाखाऊ म्हणतात, २००० साली तो जागतिक वारशात गेला. लोक तो एका दिवसात उरकतात, माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, तुम्ही तिथे दोन नाही तर तीन दिवस द्या, बाकीचे दिवस कमी करा हवं तर. मेल्कला आधी तो पिवळा भव्य मठ बघा, मग दक्षिण काठाने निघा म्हणजे आगश्टाइन लागतो, नदीपासून जवळपास ३०० मीटर वर सुळक्यावर बसलेला किल्ला. सायकल खाली लावायची आणि चढायचं, चढ खडा आहे, घाम निघतो. वर एक अरुंद कडा आहे त्याला म्हणतात गुलाबांची बाग. नाव गोड पण गोष्ट अशी सांगतात की तिथला लुटारू सरदार कैद्यांना त्या कड्यावर सोडून दार लावून घ्यायचा, उपाशी मरा नाहीतर उडी मारा. खाली बघितलं की पोटात गोळा येतो.

तिथून पुढे आर्न्सडॉर्फला आलात की समोर श्पित्झ दिसतं, मधे नदी, पूल नाही. इथे जी फेरी आहे ती मी तासभर नुसती बघत बसले होते. नदीवरून आडवी लोखंडी तार बांधलीय, उंचावरून, होडी त्या तारेला दोराने अडकवलेली, आणि इंजिन नाही! होडीवाला सुकाणू जरा तिरकं करतो, प्रवाह होडीला ढकलतो आणि ती तारेच्या आधाराने सरकत सरकत पलीकडे जाते, आवाज फक्त पाण्याचा आणि वरच्या चाकाचा किर्र किर्र. परत येताना सुकाणू उलट्या बाजूला तिरकं.

पलीकडे गेलं की वाइसेनकिर्शेन आणि मग ड्युर्नश्टाइन. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, तो धर्मयुद्धावरून वेश बदलून घरी निघाला होता, ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि त्याला याच किल्ल्यात कोंडलं. पकडणारा ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड, त्याचा राग हा की त्या धर्मयुद्धातल्या आक्रे शहराच्या लढाईनंतर त्याचा झेंडा रिचर्डच्या माणसांनी खाली फेकला होता. आपल्याला हे ऐकताना आग्रा आठवतोच, पण इथे पेटारे नाहीत, इथे दीड लाख मार्क (मार्क म्हणजे तेव्हाचं वजनाचं माप) चांदीची खंडणी ठरली आणि राजा सुटला ११९४ मध्ये. त्या चांदीतून व्हिएन्नाचा तट वाढवला म्हणे, म्हणजे तुम्ही जिथे सायकल परत करणार त्या शहरात ती चांदी आधीच पोचली. किल्ला १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने उडवला, आता पडक्या भिंती आहेत, गावातून अर्ध्या तासाची पायवाट. रामशेज चढला असाल तर हा सोपा. संध्याकाळी चढा, खाली मठाचा निळा पांढरा मनोरा आणि नदीचं वळण, मी तिथून उठायला तयार नव्हते.

जेवणाचं: उपाशी राहत नाही माणूस, ब्रेड, चीज, बटाटा, चीजमध्ये घोळवलेल्या पिठाच्या शेवया मिळतात. जर्दाळू आत घालून उकडलेला मोठा गोळा मिळतो, वाखाऊची खासियत, आपल्या उकडीच्या मोदकाचा लांबचा भाऊ म्हणा, तो सोडू नका. फक्त सूप विचारून घ्या, दिसायला भाजीचं असलं तरी खाली मांसाचं पाणी असू शकतं, आणि अंडं चालत नसेल तर गोड पदार्थही विचारूनच. रविवारी तिकडे किराणा दुकानं बंद असतात, शनिवारी भरून ठेवा. इथून भडंग, गूळ शेंगदाण्याचे लाडू न्या पण तुपाचं, दुधाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पेढे विमानतळावरच टाकावे लागतील.

व्हिसा शेंगेनचा, फी ९० युरो, मुलीकडे जर्मनीत जास्त दिवस राहणार असाल तर अर्ज जर्मनीकडे, ऑस्ट्रियात जास्त तर ऑस्ट्रियाकडे. मे किंवा सप्टेंबर निवडा. आणि काकूंना कुठल्या दिवशी नकोसं झालं तर बोट आहे, ट्रेन आहे, दोन्हीत सायकल चढते.

प्रश्न: ताई, दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे. तुमच्या डॅन्यूबच्या फोटोत डोंगरउतारावर द्राक्षं दिसली होती, तिकडे जायचं तर बाग बघायला कुठला महिना?

उत्तर: दादा, तुमची काढणी जानेवारी ते एप्रिल, त्यांची सप्टेंबर ऑक्टोबरला, म्हणजे तुमची ऑक्टोबर छाटणी आणि त्यांची काढणी एकाच वेळी येते, तेवढं घरात कोणावर तरी सोपवून या. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा. तुम्हाला द्राक्षांपेक्षा ताली बघायला आवडतील. डोंगर इतका उभा की एकावर एक दगडी ताली रचून पट्टे केलेत, चुना सिमेंट काही नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देतो. मी हात लावून बघितला, सात वाजून गेले होते, दगड कोमट होता. ट्रॅक्टर चढत नाही तिथे, बरंच काम हातानेच. वाईन चाखायला बसलात तर सायकल चालवायची आहे हे लक्षात ठेवा, ऑस्ट्रियात सायकलवाल्यालासुद्धा रक्तातल्या दारूची मर्यादा आहे, हजारात ०.८.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, बजेट शून्य. नाशिकमध्ये असं नदी, किल्ला आणि नो ट्रॅफिक काही आहे का?

उत्तर: पूर्ण नो ट्रॅफिक नाही, खोटं कशाला सांगू, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण नदी आपल्याकडे आहे, किल्ले तर त्यांच्यापेक्षा जास्त आहेत. २०१५ मध्ये नाशिकच्याच महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी रेस पूर्ण केली, त्या शहरात पोराला सुरक्षित चालवायला दहा किलोमीटर सलग वाट नाही. पण सकाळी सहाला निघालास तर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरचा सावरगाव गंगाव्हऱ्हेचा रस्ता बराच रिकामा असतो, एका बाजूला पाणी आणि पावसाळ्यानंतर सगळं हिरवं. किल्ला हवा तर रामशेज, पेठ रोडने आशेवाडीकडे वळायचं, पेठ रोडचा तुकडा उजाडताच उरकून घे, परत येताना उन्हाआधी नऊच्या आत. त्र्यंबक रोड रविवारी नको.

आणि पाटाच्या कडेची वाट बघितलीस का कधी? घोड्यांची वाट सायकलची होऊ शकते तर पाटाची का नाही, मी हे जिथे तिथे बोलत असते. काही तुकडे आत्ताही चालवता येतात, कच्चे आहेत, आधी शेतकऱ्यांना विचारून जा, जाड टायरची सायकल घे आणि दोन ट्यूब बरोबर ठेव, बाभळीचे काटे आहेत.