खान्देशात राहून, नोकरी न सोडता मानसिक आरोग्याचं पुढचं शिक्षण कसं घ्यावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) होऊन काही वर्षं झाली, अमळनेरकडे एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात काम करता. केस येते ती नवऱ्याच्या मारहाणीची, पण खोलात गेलं की मागे कुणाची तरी दारू, कुणाचा तरी जुना मानसिक आजार निघतो. कॉलेजात यातलं फार शिकवलं नव्हतं, आणि दोन वर्षं पुण्या-मुंबईला जाऊन राहणं घरच्या परिस्थितीत जमणार नाही. मग कोणता कोर्स करावा?

मी धुळे-नंदुरबार भागात याच कामात आहे, म्हणून मनापासून सांगते. कोर्सची नावं शोधत बसू नका, आधी स्वतःचं केस रजिस्टर उघडा. मागच्या काही महिन्यांत जिथे जिथे ‘आता पुढे काय करायचं’ असं वाटून तुम्ही थांबलात, त्या केसेस वेगळ्या काढा. बहुतेकांच्या रजिस्टरमध्ये तीन-चार गोष्टीच पुन्हा पुन्हा दिसतात: जीव देण्याची भाषा, औषध मध्येच सोडलेला पेशंट, दारू, आणि कायद्याचा गोंधळ. तुमचा अभ्यासक्रम तिथेच तयार होतो.

नियमाचं बोलायचं तर पदवीनंतर शिकत राहण्याची आपल्यावर सक्ती कुणाचीच नाही. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी टिकवायला पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट (गुण) मिळवावे लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेकडे असेच गुण दाखवावे लागतात. समाजकार्यकर्त्यांना परवाना देणारी राष्ट्रीय परिषदच नाही, त्यामुळे एकदा पदवी हातात पडली की पुढे काय वाचलं, काय शिकलात, हे कुणी विचारत नाही. मला हे फार धोक्याचं वाटतं, कारण आपल्यासमोर बसलेला माणूस तितकाच आजारी असतो. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या अनुसूचीत मानसोपचार आणि वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे. म्हणजे पुढेमागे आपल्यालाही असा हिशोब विचारला जाऊ शकतो. तेव्हा जे प्रशिक्षण घ्याल त्याचं प्रमाणपत्र, तासांच्या नोंदीसह, फाइलला लावून ठेवा.

पहिलं शिकायचं ते आत्महत्येबद्दल थेट विचारायला. विचारलं तर उलट डोक्यात भरवल्यासारखं होईल, ही भीती आपल्याकडे कार्यकर्त्यांनाही असते. आजवरच्या अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही. पण हे वाचून येत नाही, तोंडाने सराव करावा लागतो. ‘गेटकीपर’ प्रशिक्षणात, म्हणजे आत्महत्येचा धोका ओळखून माणसाला मदतीपर्यंत पोहोचवायला शिकवतात त्यात, जोड्या पाडून हेच करून घेतात. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी सराव तुमच्या पेशंटच्या बोलीत करा. ‘ताई, तुना मनमा जीव देवाना इचार येस का?’ हे वाक्य आवाज न कापता, नजर न चुकवता म्हणता येईपर्यंत म्हणा. लगेच पुढचा प्रश्न: घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय? कपाशीच्या पट्ट्यात तो डबा बऱ्याचदा पलंगाखाली किंवा माळ्यावर असतो. तो त्या दिवशीच घराबाहेर, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात, कुलपात जायला हवा. तेवढ्यानेही जीव वाचतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो घरच्यांच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोरच सेव्ह करून घ्या.

दुसरं, औषधं. आपण औषध लिहून देत नाही, म्हणून ते आपलं काम नाही असं समजण्याची सवय आहे, आणि ती सोडायला हवी. एकच उदाहरण देते. बायपोलर आजारात (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) लिथियम हे औषध देतात. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आता मे महिन्यातला जळगावचा उन्हाळा आठवा, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आणि तुमचा पेशंट रावेरला केळीच्या बागेत मजुरीला. त्यात जुलाब लागले, किंवा अंग दुखतं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी आणून घेतली, तर धोका आणखी वाढतो. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, बोलणं जड होणं, भ्रम होणं, हे दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. घरचे म्हणतात ‘ऊन लागलं’ आणि कांद्याचा रस देत बसतात. गृहभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्याला ही लक्षणं माहीत असली तर तो माणूस वेळेत पोहोचतो. डोस कमी-जास्त करणं मात्र डॉक्टरांचंच काम. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, त्यामुळे या पेशंटना उष्माघाताचा धोकाही इतरांपेक्षा जास्त. उन्हाळा लागण्याआधी तुमच्याकडच्या पेशंटची औषधांची यादी घेऊन सिव्हिलच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात तासभर बसा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आदराने विचारलं तर बहुतेक डॉक्टर आवडीने समजावतात.

वाचायला सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेच्या एमएच-गॅप मार्गदर्शिकेपासून करा. ती तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच लिहिली आहे आणि फुकट मिळते. नैराश्य, सायकोसिस (भास-भ्रमाचे आजार), फेफरं, व्यसन, स्वतःला इजा करणं, प्रत्येकाचं वेगळं प्रकरण आहे. इंग्रजी जड वाटलं तर दर आठवड्याला एकच प्रकरण घ्या.

कायद्याला एक रविवार पुरतो. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ चा आहे, अंमल २०१८ पासून. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं. हे पोलीस ठाण्यात शांतपणे सांगता आलं पाहिजे. कलम ९५ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे पाड्यावर गेलात तर हे कलम कामाला येईल. तिथे घरच्यांवर खेकसू नका, ती माणसं थकलेली असतात. भगताला शिव्या देऊनही काही साधत नाही, पेशंट तुटतो. गुजरातेत मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचं केंद्र चालवून ‘दवा आणि दुआ’ बरोबर नेण्याचं काम झालं आहे. ते समजून घ्या. सोबत अपंगत्वाच्या दाखल्याची प्रक्रिया आणि संजय गांधी निराधार योजनेचे कागद शिका. घरात चार पैसे येऊ लागले की औषधं सुटण्याचं प्रमाण कमी होतं, असा माझा अनुभव आहे.

आता कोर्स. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची डिजिटल अकादमी २०१८ मध्ये सुरू झाली. समाजकार्यकर्त्यांसाठी सामुदायिक मानसिक आरोग्याचं ऑनलाइन प्रशिक्षण तिथे आहे. मला त्याची पद्धत पटते. ती ‘एको’ नावाने ओळखली जाते. डॉ. संजीव अरोरा यांनी अमेरिकेत न्यू मेक्सिकोला २००३ मध्ये हेपॅटायटिस सीच्या पेशंटसाठी ती सुरू केली. लांबलांबचे कार्यकर्ते व्हिडिओवर जमतात, एकजण स्वतःची केस मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे त्यावर बोलतात. घरी बसून समुपदेशन आणि कुटुंबोपचाराची पदविका हवी असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पर्याय बघता येईल. दोन्हींची यंदाची फी आणि पात्रता त्यांच्याच साइटवर पाहा, एजंटकडून नको.

आणि एक सावध सूचना. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘मानसोपचार समाजकार्यकर्ता’ म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं आणि या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे पुढच्या प्रवेशांबद्दल विद्यापीठाकडून लेखी खात्री करून घ्या. शनिवार-रविवारच्या चार वर्गांत ही उपाधी देतो असं कुणी सांगत असेल तर पैसे भरू नका.

मात्र माझा सगळ्यात जास्त भरवसा महिन्यातून एकदा होणाऱ्या केस बैठकीवर आहे. व्याख्यान ऐकून आपण घरी येतो आणि सोमवारी पुन्हा जुन्याच पद्धतीने बोलतो. आपलं काम दुसऱ्याने तपासलं की खरा बदल होतो. अमळनेर सुरत-भुसावळ लाइनीवर आहे. नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव, जळगावची माणसं रेल्वेने येतील, धुळेकर एसटीने. पाच-सहा जण पुरे: समुपदेशन केंद्रातल्या ताई, सिव्हिलचे समाजकार्यकर्ते, शाळेचे समुपदेशक, एखादी आशा गटप्रवर्तक. जो केस मांडेल त्याने दहा मिनिटांत सांगायचं: काय घडलं, मी काय केलं, आणि माझा प्रश्न काय. प्रश्न एकच हवा. बाकीच्यांनी आधी माहिती विचारायची, सल्ला नंतर. नाव बदलून भागत नाही. आपल्याकडे गाव आणि समाज सांगितला की घर ओळखू येतं, म्हणून तेही बदला आणि मोबाइल बाहेर ठेवा. तीन महिन्यांतून एकदा मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा, आधीपासून तारीख ठरवून. त्या दिवशी त्यांना भाषण करू देऊ नका, केसच पुढे ठेवा.

या बैठकीसाठी संस्थेकडे महिन्यातला एक दिवस ड्युटी म्हणून लेखी मागा, आणि येण्याजाण्याचा खर्चही. अर्जाला तुमच्या रजिस्टरमधल्या अडलेल्या केसेसची नावं वगळलेली यादी जोडा. नुसतं ‘ट्रेनिंगला जायचंय’ म्हटलं की सही अडते. यादी समोर असली की संचालकांनाही नाही म्हणणं जड जातं.