वडील ओ, मुलगा बी: यकृत देता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: बाबांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, तुमचा बी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "गट जुळत नाही, पण करता येईल." असं बसवलेलं यकृत टिकतं का? आणि काका-आत्यांना विचारायची तुमची हिंमत होत नाही.

मी यकृत प्रत्यारोपण विभागात समन्वयक आहे, त्यामुळे हा प्रश्न ओपीडीच्या बाकावर बसून विचारणारी मुलं-मुली नेहमी भेटतात. थेट उत्तर: हो, टिकतं. पण त्यासाठी तयारीला वेळ लागतो, खर्च वाढतो आणि बाबांना जास्त सोसावं लागतं. म्हणून आधी जुळणाऱ्या गटाचा दाता मिळतो का ते नीट शोधा. नाहीच मिळाला, तर गट जुळत नाही म्हणून आशा सोडू नका.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हची चिंता नको. तो घटक फक्त लाल पेशींवर असतो, त्यामुळे यकृत जुळवताना तो बघत नाहीत. ए आणि बी मात्र यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या आणि पित्तनलिकांच्या अस्तरावरही असतात. बाबा ओ गटाचे, म्हणजे त्यांच्या रक्तात ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज) आधीपासूनच आहेत. काहीच तयारी न करता तुमचं यकृत बसवलं, तर ती त्या अस्तरावर तुटून पडतील. पूर्वी मोठ्या माणसांमध्ये असे प्रयत्न बऱ्याचदा फसायचे ते यामुळेच.

जपानमध्ये मेंदूमृत दाते फार कमी, सगळी भिस्त घरच्या दात्यांवर. त्या गरजेपोटी तिथल्या डॉक्टरांनी मार्ग काढला, आणि पुढे कोरियात अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्या. शस्त्रक्रियेच्या दोन-तीन आठवडे आधी रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन देतात. त्याने प्रतिद्रव्यं तयार करणाऱ्या पेशींची नवी फौज उभी राहत नाही. रक्तात आधीच फिरणारी प्रतिद्रव्यं उरतातच, ती प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बदलून काढावी लागतात. अनुभवी केंद्रांमध्ये आता अशा रुग्णांचं जगण्याचं प्रमाण गट जुळलेल्यांच्या जवळपास असतं. दोन धोके मात्र खरे आहेत: जंतुसंसर्ग, आणि काही महिन्यांनी यकृताच्या आतल्या पित्तनलिका जागोजागी अरुंद होणं. यातला दुसरा त्रास चिवट असतो, कधीकधी पुन्हा प्रत्यारोपण करायची वेळ येते. हे धोके बाबांचे आहेत. गट न जुळल्यामुळे तुमच्या शस्त्रक्रियेचा धोका वाढत नाही.

डॉक्टरांना "टायटर किती आहे?" हे जरूर विचारा. रक्तपेढीत बाबांचा सीरम दरवेळी निम्मा पातळ करत ओळीने नळ्या लावतात आणि प्रत्येकीत बी गटाच्या पेशी घालतात. मग एकेक नळी उजेडासमोर धरून हलक्या हाताने हलवतात. पेशींच्या गुठळ्या दिसतात तोवर प्रतिद्रव्य आहे. शेवटची गुठळी ज्या नळीत दिसते, ती किती पट पातळ केली तो आकडा म्हणजे टायटर. १:५१२ असेल तर प्लाझ्मा अनेकदा बदलावा लागेल. बरीच केंद्रं १:१६ च्या आसपास आल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात लावत नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे ऐनवेळी घाबरणार नाही. एका रुग्णाचा मुलगा रात्री धावत आला होता, "सिस्टर, चुकीची पिशवी लागलीय, यावर एबी लिहिलंय!" पिशवी बरोबर होती. अशा रुग्णाला लाल पेशी ओ गटाच्या देतात, पण प्लाझ्मा एबी गटाचा, कारण त्यात ए किंवा बीविरुद्धचं प्रतिद्रव्य नसतं. एबी गटाची माणसं मुळात कमी. ओळखीत कोणी असेल तर त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा.

आता जुळणारा दाता. बाबांना यकृत ओ गटाचंच जुळेल. तुम्ही बी आहात, म्हणजे तो बी आईकडून आला. आई बी किंवा एबी असणार, ओ नाही. आई बी असेल तर तुमच्या भावंडांपैकी कोणी ओ असू शकतं. बाबांची सख्खी भावंडंही ओ असू शकतात, आणि कायद्याने ती बाबांचे जवळचे नातेवाईकच आहेत. पुतणे-भाचे त्यात येत नाहीत, त्यांचं प्रकरण अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे न्यावं लागतं.

स्वॅपबद्दलही ऐकलं असेल. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांना आपापले दाते अदलाबदल करता येतात. ए आणि बी गटांच्या जोड्यांना त्याचा छान उपयोग होतो. ओ गटाच्या रुग्णाचं तिथे अवघड जातं, कारण ओ गटाचा दाता स्वतःच्या माणसाला गटाने चालतोच, तो तुमच्याकडे का येईल? त्याचं यकृत त्याच्या रुग्णाला आकाराने कमी पडत असेल, तरच. नाव नोंदवा, पण त्याच्या भरवशावर थांबू नका.

बाबांची तब्येत कितपत दम धरेल, यावरही सगळं अवलंबून आहे. रिटुक्सिमॅबचे दोन-तीन आठवडे हातात असतील तरच ही तयारी नीट होते. दाता शोधण्यात महिने घालवून शेवटी आयसीयूतून फोन करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि ते पाहणं फार जड जातं.

राहिले काका आणि आत्या. त्यांच्याकडे यकृत मागू नका, फक्त रक्तगट विचारा. ओ निघाला तर बाबांचा आजार सांगा आणि आमच्यासारख्या समन्वयकाचा नंबर द्या. दात्याशी आम्ही एकट्याने, घरच्यांना बाहेर बसवून बोलतो. तो नको म्हणाला तर घरी "वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही" एवढंच कळतं, खरं कारण कळत नाही. हे त्यांना पहिल्याच फोनवर सांगा.