कुलूप मोठं, पण कोयंड्याचं काय?

प्रश्न : फोंड्याजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. दिवाळीनंतर २० दिवस मुलाकडे पुण्याला जायचंय. दाराला मोठं कुलूप आहे. आणखी काय करावं?

उत्तर : चोर बहुधा कुलपाशी खेळत बसत नाही, कोयंडाच उपटतो. जुन्या दारांवर तो अनेकदा पाऊण इंची स्क्रूंवर उभा असतो. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, मग आकसतं, स्क्रू गंजतात; पहारीचा एक हिसका पुरतो. फळीला आरपार भोक पाडून ८ मिमीचे कॅरेज बोल्ट घाला : गुळगुळीत गोल डोकं बाहेर, वायसर आणि नट आतून. चौकटीकडची बाजूही तशीच करा, नाहीतर तीच उपटेल. मागचं दार आतून आडवा अडसर घालून बंद ठेवा.

मंगळुरी कौलं न फोडताही उचलता येतात. सगळ्या छपराखाली जाळी परवडत नसेल तर निदान कपाटाच्या खोलीवर तरी रिपांखाली वेल्डमेश बसवा. शिडी, पहार, कोयता अंगणात नकोत. चोराला हत्यार आपणच कशाला पुरवायचं?

दाराला लटकणारी पावाची पिशवी काढा, पोदेराला (घरोघरी पाव देणाऱ्याला) सांगून ठेवा. दिवसाही जळणारा दिवा घर रिकामं असल्याचं सांगतो, म्हणून टायमर लावा. कॅमेरा असेल तर रेकॉर्डर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. शेजाऱ्यांकडे तुमचा नंबर द्या. संशय आला तर त्यांनी आत न शिरता ११२ लावावा.