काडतूस आत जाईना, बोल्ट मिटेना

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची .३१५ रायफल रीतसर माझ्या नावावर झाली. निवडणुकीच्या वेळी भरपूर ग्रीस लावून ठाण्यात जमा केली होती. परत आणल्यापासून काडतूस पुरतं आत बसत नाही, बोल्टचा दांडा खाली येत नाही. काडतुसं वडिलांच्या कातडी पट्ट्यातलीच आहेत. बंदूक जुनी झाली म्हणायची का?
– एक वाचक, आजरा

उत्तर : नुसतं वय झालं म्हणून ही बंदूक अडत नाही, अहो. तुमची .३१५ म्हणजे फौजेच्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचाच सांगाडा. फौजेची .३०३ गोळी रयतेच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या काळात बोअर (नळीचं माप) वेगळं ठेवलं, यंत्र तेच राहिलं. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा होतो; .३०३ ला जे आजार, तेच हिलाही.

पहिल्यांदा मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दट्ट्या, मिटून बघा. याची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दबते, त्यामुळे शेवटी जोर लागणारच. माउझर पद्धतीच्या रायफलीत ती दांडा उचलतानाच दबते, म्हणून तसली हाताळलेला माणूस इथं हमखास फसतो. रिकाम्या बंदुकीचा दांडा सरळ खाली आला, तर मामला चेंबरचा नाहीतर काडतुसाचा.

माझा पहिला संशय त्या पट्ट्यावर. आपल्या कोल्हापूरचं कातडं कितीही नामी असलं तरी काडतुसं त्यात ठेवायची नसतात. कमावलेल्या कातड्यातल्या आम्लानं पितळेवर हिरवा थर चढतो. अंगठ्याच्या नखाला खरखर लागली की समजा. तो थर घासून तीच काडतुसं वापरू नका. विक्रेत्याकडे जमा करा.

दुसरा संशय ग्रीसवर. एका पावसाळ्यात ते मेणासारखं घट्ट होतं, आणि चेंबरच्या खांद्यापाशी साचतं, तिथं नुसती चिंदी पोचत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेला चेंबर ब्रश फिरवा (रॉकेल आता मिळतं कुठं म्हणा, टर्पेंटाइन चालेल), मग पुलथ्रूनं (नळीतून ओढायच्या दोरीनं) कोरडी चिंदी काळी निघायची थांबेपर्यंत ओढा. बोल्टच्या तोंडाशी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, नखामागेही मळ बसतो. काडतुसाच्या बुडाची कड त्या नखाखाली सरकली नाही तरी दांडा अडतो.

एवढं करूनही अडलं, तर याच रायफलीतून उडालेलं रिकामं पितळ घ्या, त्याला मार्करनं काळं करा, हलक्या हातानं आत सारा आणि बाहेर काढा. शाई जिथं खरवडली, तिथं अडतंय. हे पितळ सहज गेलं आणि नवं काडतूस अडलं, तर दोष काडतुसाचा. दोन्ही अडली तर चेंबरचा किंवा बोल्टचा.

बोल्टच्या दांड्यावरचा नंबर बंदुकीच्या नंबराशी ताडून बघा. अनेक बंदुका एकत्र ठेवल्या की बोल्ट बदलून येऊ शकतो. याचं डोकं वेगळं, आट्यांनी बसवलेलं असतं. दुसऱ्याचा बोल्ट नुसता मिटला म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

मॅगझिनमधूनच अडत असेल तर भरण्याकडे लक्ष द्या. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. मागे राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात.

दांड्यावर हातोडी नको, चेंबरमध्ये पॉलिश पेपर तर अजिबात नको. गंजाचे खड्डे दिसले किंवा नंबर जुळला नाही, तर बंदूक आणि परवाना घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जा. तो गेज लावून बोल्ट आणि काडतुसाच्या कडेमधलं अंतर तपासेल. तोवर बार काढू नका.